सागवानी ठोकळे

आमच्या घरी एक फियाट आहे. अकराशे डिलाईट, सन १९६६. तिच्या नोंदणी पुस्तकावर 'म्हैसूर राज्य' असं छापलेलं आहे. ते राज्य १९७३ साली कर्नाटक झालं, आमचं बेळगाव २०१४ साली बेळगावी झालं, पण गाडीच्या पाटीवरची 'एमवाय' ही अक्षरं तशीच राहिली. अण्णा गेल्यावर ती गाडी गुळाच्या जुन्या गोदामात गेली आणि सव्वीस वर्षं तिथंच राहिली. वर पोती, खाली उंदीर.

लॉकडाऊन संपत आलं तेव्हा माझ्या मोठ्या भावाला, दादाला, तिची आठवण झाली. घरातच, टिळकवाडीतल्या आमच्या परसात, गोदामाचं गॅरेज करून ती दुरुस्त करायची असं ठरलं. दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत मी पाना हातात धरला नाही असं नाही, पण माझं खरं काम कागदपत्रं चाळण्याचं आणि प्रश्न विचारण्याचं होतं. त्यातून जे समजलं ते इथं लिहिते. एक गोष्ट मात्र मला समजली असं वाटत होतं आणि ती चुकीची निघाली. तीही लिहिते.

आधी ही गाडी इथवर कशी आली ते सांगायला हवं.

हिंदुस्थानात मोटारी फिरत होत्या त्या परदेशी कंपन्यांच्या. सुटे भाग बोटीने यायचे, मुंबई-कलकत्त्यात जुळवले जायचे, झाली गाडी. इथं मोटारीचा कारखाना काढायचा असं मनात घेणाऱ्यांमध्ये दोन नावं महत्त्वाची आहेत. एक सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद. विश्वेश्वरय्यांनी तिसाच्या दशकात युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून आराखडा तयार केला. वालचंद त्यात उतरले. म्हैसूर संस्थानात कारखाना निघावा अशी खटपट झाली, पण इंग्रज सरकारने हात आखडता घेतला. वालचंद हा माणूस एक दार बंद झालं की घरी बसणाऱ्यांतला नव्हता. बोगदे खणले, साखर कारखाना काढला, सिंधिया कंपनीची जहाजं इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून चालवली, १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना सुरू केला. मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवात अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्यांपासून झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला.

आमच्या समाजात वालचंदांचं नाव घेताना माणसं अजून थोडी ताठ बसतात. माझे आजोबा तर 'आपले वालचंद' असंच म्हणायचे, जणू शेजारच्या दुकानात बसतात. पण ज्या गाडीमुळे प्रीमियरचं नाव घराघरांत गेलं ती नवी अकराशे पाहायला वालचंद राहिले नाहीत. ते एप्रिल १९५३ मध्ये वारले. ती गाडी इटलीत त्याच वर्षी लोकांपुढे आली आणि १९५४ पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली. सुरुवातीच्या त्या गाड्यांचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले होते, आणि गाडीचा आकार जरा गुबगुबीत. मराठी माणसाने तिचं नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. आमच्या आजीला हे नाव उच्चारायचीही लाज वाटायची. ती 'गोल गाडी' म्हणायची.

याच सुमारास सरकारने ठरवलं, की नुसती जुळवाजुळव करणाऱ्यांना इथं जागा नाही. ज्यांना भाग इथंच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपलं बस्तान गुंडाळलं. मोटारगाड्या म्हणाव्यात अशा करणाऱ्या मुख्य कंपन्या उरल्या तीन: कलकत्त्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि कुर्ल्याला प्रीमियर. गिऱ्हाइकं लाखो, गाड्या थोड्या. १९५९ साली मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा हुकूम निघाला. किमतीही सरकारच्या नजरेखाली. पुढे किमतींचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, इतका तो विषय तापलेला होता.

अण्णांचं रविवार पेठेत गुळाचं अडत दुकान. त्यांनी १९६० साली नाव नोंदवलं आणि गाडी मिळाली १९६६ साली. सहा वर्षं! नाव नोंदवलं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, गाडी दारात आली तेव्हा मी शाळेत जात होते. आणि गंमत बघा, ज्या वर्षी आमच्या दारात ही 'नवी' गाडी आली त्याच वर्षी इटलीत तिचं उत्पादन बंद करून पुढचं मॉडेल आणलं गेलं. तिथल्या १९६२च्या अकराशे डी गाडीला इंजिनही मोठं, १२२१ सीसीचं होतं. आपल्याकडे अंगावर नवा पत्रा चढला, पण पोटात जुनं १०८९ सीसीचंच इंजिन राहिलं. तेच इंजिन पुढं पद्मिनीत आलं. इटलीतली गाडी साठच्या दशकातच संपली, आपल्याकडची शतक संपेपर्यंत रस्त्यावर येत राहिली. फियाटबरोबरचा करार संपल्यावर तिला आधी 'प्रेसिडेंट' आणि मग १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' हे नाव मिळालं, एवढाच काय तो फरक.

हे सगळं मी दादाला सांगायचे आणि तो गाडीखाली आडवा पडून 'हं' म्हणायचा.

आता गॅरेजकडे येते. आमच्याकडे येणारे मेस्त्री सत्तरीचे. अण्णांच्या वेळी उद्यमबागेतल्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून पाने पुसायचे. गाडी गोदामातून ढकलून बाहेर काढली तेव्हा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "आक्का, ही काय मेली न्हाई बघा. झोपलीया."

झोप जरा गाढ होती. इंजिन जाम. पिस्टन सिलिंडरला गंजून धरलेले. प्लग काढून त्या भोकांतून तेल सोडलं आणि आठ दिवस काहीच केलं नाही. मेस्त्री रोज यायचे, चहा प्यायचे, पुढच्या पुलीला पाना लावून हलकेच दाबायचे आणि जायचे. नवव्या दिवशी पुली बोटभर सरकली. घरातल्या सगळ्यांना बोलावून ते दाखवलं त्यांनी.

या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू शेजारी, मध्ये पाणी. आम्ही वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलेलं. ॲल्युमिनियमला पाण्याच्या वाटांभोवती उंदरानं कुरतडल्यासारखे खड्डे पडले होते. ते वेल्डिंगने भरून हेड सपाट करून घेतलं, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घातले, क्रँक घासला. हे सगळं उद्यमबागेत झालं, घरापासून वीस मिनिटांवर. बेळगावात फाउंड्री आणि लेथ यांची जी परंपरा आहे तिचा मला अभिमान होताच, पण तिचा उपयोग कळला तो आता. एक लहानसा कंस कुठंच मिळेना, तर मेस्त्रींनी जुना तुटका तुकडा जोडून साचा केला आणि ओतून आणला.

बाकीचे भाग मुंबईहून आले, आणि त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्याकडे या गाडीचे भाग इतकी वर्षं मिळत राहिले त्याचं मोठं श्रेय मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी दिवसरात्र धावत होत्या म्हणून कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्यांची प्रत्येक चकती, प्रत्येक रबर विकलं जात होतं. आमचं काम चालू असतानाच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मुंबईतली पद्मिनी टॅक्सी बंद झाली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. पेपरातली ती बातमी मेस्त्रींना वाचून दाखवली. ते म्हणाले, "म्हंजे आता जे लागंल ते याच म्हयन्यात आणून ठिवा." त्या एका वाक्यात सगळं आलं.

पत्र्याचं काम मात्र सगळ्यांत कठीण. ट्रकला खाली वेगळी चासी असते, वर बॉडी ठेवलेली असते. या गाडीत तसं नाही. पत्र्याची पेटी हीच चासी. म्हणजे दरवाजाखालची पट्टी आणि तळ गंजला तर नुसती शोभा जात नाही, गाडीची कंबरच मोडते. आमच्या गाडीत काथ्याची चटई होती. बेळगावच्या पावसात भिजलेली ती चटई कधीच नीट वाळली नसावी. चटई उचलली तर खालून जमीन दिसली. तळ कापून काढण्याआधी दरवाजे जागेवर ठेवून आतून आडवे पाइप वेल्ड केले, नाहीतर पेटी वाकली असती आणि दरवाजे पुन्हा बसलेच नसते. मग थोडं कापायचं, थोडं जोडायचं. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आईचं 'जेवायला या' झालं की वेल्डिंग बंद. आमच्या घरचा हा नियम मेस्त्रींनाही पाठ झाला होता. ते घड्याळ न बघता गॅसची टाकी बंद करायचे.

रंग घासताना एकाखाली एक थर निघाले. वर पांढरा, त्याखाली क्रीम, त्याखाली लांबीचा जाड थर (एका अपघाताची आठवण) आणि सर्वांत खाली फिकट हिरवा. तो हिरवा मी विसरून गेले होते. पाच-सहा वर्षांची असताना त्या रंगाच्या दारावर मी खडूनं 'अ' काढला होता आणि मार खाल्ला होता.

इथवर सगळे एकमताने चालले होते. भांडण सुरू झालं ते पुढं.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. त्याचं म्हणणं असं, की एवढा खर्च करताच आहात तर गाडी चालवण्यासारखी करा. नव्या गाडीचं इंजिन टाका, पाच गिअर टाका, पुढं डिस्क ब्रेक, आत एसी. वरून जुनी, आतून नवी. अशा गाड्या लोक करतात आणि त्या दिसतातही छान. दादाचं म्हणणं बरोबर उलटं. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात असलेली, चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, अशी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आमची 'एमवाय' अक्षरं शाबूत. दादाला ते हवं होतं. शिवाय इंजिन बदलायचं तर परवानगीच्या फेऱ्या, आणि कारखान्याने दिलेल्या तपशिलाबाहेरच्या फेरफारांबाबत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कडक भूमिका घेतलेली. भाचा गप्प बसला, पण ब्रेकबद्दल शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. "आत्या, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. घाटात तापले की काय करणार?"

माझं भांडण दोघांशीही नव्हतं. माझं भांडण ठोकळ्यांवरून होतं.

१९७२ साली अण्णा दुकानाच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा डावा गुडघा गेला. सहा महिने क्लच दाबणं शक्य नव्हतं. ड्रायव्हर सोडून गेलेला. सौदे गावोगावी, संकेश्वरला, निपाणीला. तेव्हा आई गाडी शिकली. चौतीस वर्षांची, उंची जेमतेम पावणेपाच फूट, डोक्यावर पदर. तिचे पाय पोहोचत नव्हते म्हणून अण्णांनी जुन्या दाराच्या सागवानाचे तीन ठोकळे करून क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवर बोल्टने बसवले. पाठीमागं कापसाची गादी. त्या वेळी आमच्या नात्यात मोटार चालवणारी ही पहिलीच बाई. लोक बोलले. एक मामा तर म्हणाले, "आता काय, शेतात नांगरही धरा." आई काही बोलली नाही. तिने अण्णांना बाजूला बसवलं आणि स्तवनिधीला नेऊन आणलं. पुढं कोल्हापूरपर्यंत जायची. मी मधे बसायचे. गिअर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढं तिघं बसता यायचं.

सव्वीस वर्षांनी गाडी उघडली तेव्हा ते ठोकळे जागेवर होते. वाळवीनं त्यांना हात लावला नव्हता. टाचेनं घासून मधे खळगे पडलेले. मी दादाला म्हटलं, हे काढायचे नाहीत. मोटारीचा इतिहास म्हणजे वालचंद, विश्वेश्वरय्या, करार, हुकूम, न्यायालय, सगळे पुरुषच. त्या इतिहासात आपल्या आईची जागा एवढीच आहे, तीन लाकडाचे तुकडे. दादा म्हणाला, नियमाला ठोकळ्यांचं काही नाही, पण रॅलीत परीक्षक असतात, ते खिळा न् खिळा बघतात. कारखान्यातून आली तशी हवी. मी म्हटलं, कारखान्यात ती चार दिवस होती, आपल्याकडे पंचावन्न वर्षं. मूळ रूप कुठलं म्हणायचं मग? दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. साठी ओलांडलेली भावंडं, बघा.

शेवटी मेस्त्रींनीच सुचवलं, "ज्यांचं हाय त्यांस्नी इचारा की."

आई तेव्हा शहाऐंशीची. कान तल्लख. मी तिला हाताला धरून गॅरेजमध्ये आणलं, वाकून ठोकळे दाखवले. मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काढून टाका ते."

"अगं, का?"

"पाय निसटायचा त्यावरून. लाकूड गुळगुळीत झालेलं. तवंदी घाटात दोनदा निसटला, ब्रेकवरून. तू मधेच बसलेली होतीस. दुसऱ्यांदा तर समोर उसाची गाडी."

आम्ही कोणीच काही बोललो नाही. भाचा व्हिडिओ घेत होता, त्याने फोन खाली केला.

"सांगितलं का नाहीस कधी?" दादाने विचारलं.

"सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती माझी," आई म्हणाली. "म्हणाले असते, बघा, म्हटलं नव्हतं?"

मी इतकी वर्षं त्या ठोकळ्यांकडे आईच्या जिंकण्याची खूण म्हणून बघत होते. तिच्यासाठी ती एक कामचलाऊ, धोक्याची जोड होती. बाईला गाडी हवी असेल तर तिने गाडीला जमवून घ्यायचं, आणि जमलं नाही तर ते मनात ठेवायचं. ती पन्नास वर्षं मनातच ठेवून होती. आपण जुन्या वस्तू जपतो तेव्हा त्या वापरणाऱ्याला त्यांचं काय झालं हे विचारायचं विसरतो. मी तर विचारायला इतक्या जवळ होते.

ठोकळे निघाले. त्या संध्याकाळी ब्रेकबद्दल पुन्हा चर्चा झाली, पण आता सूर वेगळा होता. ड्रमच राहिले, पण लायनिंग, सिलिंडर, नळ्या सगळं नवं घातलं आणि मेस्त्रींनी तीन वेळा तपासलं. पुढच्या सीटला पट्टे बसवले. १९६६ च्या गाडीत पट्टे नव्हते, दादाने त्यावर चकार शब्द काढला नाही. सीट पुढं सरकवायची पट्टी गंजून अडकलेली होती, ती सुटी केली. ती मोकळी होऊन सीट चार बोटं पुढं आल्यावर मेस्त्री स्वतःशीच म्हणाले, "हे तवाच केलं असतं तर ठोकळं लागलंच नसतं की." तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. अण्णांच्याही नाही.

पेडलना बोल्टची भोकं राहिली होती. मेस्त्रींनी विचारलं, वेल्डिंगनं भरून घासून देऊ का, कळणारही नाही. मी काही बोलणार तेवढ्यात दादाच म्हणाला, "राहू दे."

गेल्या हिवाळ्यात तो ती फिकट हिरवी गाडी एका रॅलीला घेऊन गेला. परीक्षक तरुण होते. वाकून आत पाहिलं आणि विचारलं, ही भोकं कसली? कारखान्याची तर नाहीत. दादाने मला नंतर फोनवर सांगितलं. म्हणाला, मी त्यांना आईचं सांगितलं. तवंदी घाटातलंही.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, मार्क कापले."

आई शेजारीच बसली होती. तिने विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "बरोबरच कापले. आता मला एकदा स्तवनिधीला घेऊन चला. पण चालवायला मेस्त्रींना बसवा, दादाला नको. तो घाटात फार जोरात जातो."